जंगल सफारीसाठी लेन्स : एकच मोठी झूम घ्यावी की दोन लेन्स न्याव्यात?

रानवाटा :
नमस्कार. गेली पाच-सहा वर्षे मी हौसेने छायाचित्रण करतो, पण आजवर माझ्या कॅमेऱ्यासमोर आलेली मंडळी म्हणजे डोंगर, जुन्या वास्तू आणि घरातली लहान मुले. मुलांचा अपवाद सोडला तर यांपैकी कोणी पळून जाणारे नव्हते. आता प्रथमच आठवडाभराच्या जंगल सफारीचा योग आला आहे. पहिले चार दिवस दाट झाडीच्या जंगलात आणि उरलेले तीन दिवस मोकळ्या गवताळ प्रदेशात असा कार्यक्रम आहे, आणि दोन्ही ठिकाणी फिरणे उघड्या जीपमधून होणार आहे.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, १.५ पटीच्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि १८-१३५ मिमीची लेन्स आहे. नवीन एकच लेन्स घेणे परवडेल. १००-४००, १५०-६०० आणि तिसरा पर्याय म्हणजे एफ/२.८ ची (म्हणजे मोठ्या छिद्राची, जास्त उजेड घेणारी) ७०-२०० घेऊन तिला दुपटीचा टेलिकन्व्हर्टर (पोहोच वाढवणारे जोडभिंग) जोडणे, या तिन्हींत मी अडकलो आहे. एक मित्र म्हणतो, "६०० पेक्षा कमी काही नेलेस तर नुसते ठिपके घेऊन परत येशील." दुसरा म्हणतो, "६०० नेलीस तर अख्खा प्राणी एकाही फोटोत दिसणार नाही." दोघेही अनुभवी आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भिंगरी :
दोघेही खरे बोलत आहेत. तुम्हाला पहिला मित्र मोकळ्या माळावर आणि दुसरा दाट जंगलात सोबत न्यावा लागेल. लेन्सपेक्षा ते स्वस्त पडेल.

तिसरा_डोळा :
मते ऐकण्याआधी थोडे गणित करून पाहावे, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) गुणिले प्राण्याचे अंतर, एवढे केले की त्या अंतरावर चौकटीत किती मीटर रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी आहे. प्राणी ५० मीटरवर असेल, तर ४०० मिमीच्या लेन्सने सुमारे २.९ मीटर आणि ६०० मिमीने सुमारे २ मीटर रुंदीचे दृश्य मिळते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोठा वाघ तीन मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ४०० मिमीमध्येच तो या कडेपासून त्या कडेपर्यंत चौकट भरून टाकतो. तोच प्राणी १०० मीटरवर गेला की ४०० मिमीमध्ये सहा मीटरची आणि ६०० मिमीमध्ये चार मीटरची चौकट मिळते. अशा वेळी ६०० ची मदत निश्चित होते.

यात एक गोष्ट विसरू नये. "सफारीला ६०० हवीच" असे म्हणणारी बरीचशी मंडळी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याच्या हिशेबाने बोलत असतात. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ४०० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीइतकीच असते. लेन्स ४०० चीच राहते, तिचे भिंग काही लांबत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे दृश्याचा मधला भाग तेवढा घेतला जातो. पण तुमचे २४ मेगापिक्सेल त्याच भागावर खर्च होतात. तुलनेसाठी सांगायचे तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम छायाचित्राला तितकीच कात्री लावली, तर हातात जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतील.

जुनी_रीळ :
तिसरा_डोळा यांचे गणित अचूक आहे, परंतु त्यात एक पात्र आलेलेच नाही, आणि ते म्हणजे उजेड. प्राणी दुपारी बारा वाजता रस्त्याच्या मधोमध उभे राहून छायाचित्रे काढू देत असते, तर मीही अंतरावरच लेन्स निवडली असती. प्रत्यक्षात बहुतेक मांसभक्षी प्राण्यांची हालचाल पहाटे आणि तिन्हीसांजेला असते. त्या वेळी दाट झाडीखाली जो उजेड असतो, त्यात पुस्तक वाचायला बसलो तर घरचे ओरडतील.

मी रिळांच्या काळात सुरुवात केली. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याचा वेग) रीळ एकदा घातली की ३६ फोटो संपेपर्यंत तोच वेग घेऊन बसावे लागे, आणि त्यामुळे लेन्सचे छिद्र किती मोठे उघडते याची किंमत आम्हाला हाडामांसापर्यंत कळली. आज कॅमेरे आयएसओच्या बाबतीत फार उदार झाले आहेत हे मान्य. पण म्हणून एफ/२.८ आणि एफ/६.३ यांतला फरक पुसला गेला आहे असे कोणी समजू नये.

तिसरा_डोळा :
@जुनी_रीळ, मुद्दा मान्य आहे, आणि त्याचेही आकडे देतो. एफ/२.८ वरून एफ/६.३ वर जाणे म्हणजे सव्वादोन स्टॉपहून थोडे अधिक (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजेच उजेड साधारण पाचपटीने कमी. पहाटे झाडीखाली एफ/२.८ वर १/५०० सेकंदाला ३२०० आयएसओ लागत असेल, तर एफ/६.३ वर त्याच शटर स्पीडला १६००० लागेल. क्रॉप सेन्सरवर १६००० म्हणजे वाघाच्या पट्ट्यांवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसणार. हल्लीची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर ती रांगोळी बरीच झाडून काढतात, पण तिच्याबरोबर केसांचे बारकावेही थोडे झाडले जातात.

मात्र मोठ्या छिद्राची लेन्स घ्या असे म्हणणे सोपे आहे. ६०० मिमीला एफ/४ हवे असेल, तर समोरचे भिंग किमान १५० मिमी व्यासाचे लागते, कारण ६०० भागिले ४ म्हणजे १५०. एफ/६.३ ला तेच ९५ मिमीवर भागते. अनेक १५०-६०० लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर का लागतो, याचे उत्तर याच भागाकारात आहे. वजन, आकार आणि किंमत या तिन्ही गोष्टी त्या भिंगामागून चालत येतात.

अनवाणी :
मी दुसऱ्या मित्राच्या बाजूने साक्ष द्यायला आलो आहे.

काही वर्षांपूर्वी मी भाड्याने ६०० मिमी एफ/४ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेऊन दाट जंगलात गेलो होतो. कॅमेरा फुल फ्रेम होता आणि दुसरी बॉडी (म्हणजे दुसरा कॅमेरा) "उगीच ओझे" म्हणून खोलीवर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची जीप वळणावर उभी असताना डावीकडच्या बांबूतून वाघीण बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेने सरळ आमच्या दिशेने चालू लागली. ती पंचवीस मीटरवर होती तोवर सगळे सुंदर चालले होते. ती सहा मीटरवर आली तेव्हा माझ्या चौकटीची रुंदी ३६ सेंटीमीटर उरली होती, आणि फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर. नाकावर फोकस बसला की डोळे धूसर होत आणि डोळ्यांवर बसला की नाक. मग ती आणखी जवळ आली, आणि लेन्सने फोकस करणेच सोडून दिले. या वर्गातल्या लेन्सना साधारण साडेचार मीटरच्या आत फोकस होत नाही, हे माहितीपत्रकात मी वाचले होते; त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

माझ्या शेजारच्या सीटवर एक शाळकरी मुलगी होती. तिने आईच्या मोबाइलवर जो फोटो काढला, त्यात अख्खी वाघीण आहे, मागचा बांबू आहे, सकाळचे धुके आहे, आणि एका कोपऱ्यात माझी लेन्सही आहे.

भिंगरी :
म्हणजे तुमच्या लेन्सचा त्या दिवशीचा सर्वांत चांगला फोटो त्या मुलीने काढला.

गवतफुला :
अनवाणी यांचा प्रसंग वाचून हसू आले, पण त्यावरून ६०० मिमीच नको असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. दोष ६०० चा नव्हता, ती एकच लेन्स सोबत नेण्याचा होता, आणि तीही झूम नसलेली.

मी पूर्व आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशात, सेरेंगेटीत आणि मसाई मारात, दोनदा जाऊन आले आहे. तिथले सारे गणितच वेगळे आहे. राष्ट्रीय उद्यानांत गाडी ठरलेल्या वाटा सोडून सहसा जाऊ शकत नाही, त्यामुळे चित्ता वारुळावर बसलेला दीडशे मीटरवर दिसत असेल, तर तो दीडशे मीटरवरच राहतो. अशा ठिकाणी ४०० मिमी मला वारंवार अपुरी पडली. सिंहांचे कळप मात्र गाडीच्या सावलीला येऊन लोळतात, आणि तेव्हा १०० मिमीसुद्धा जास्त होते. म्हणजे मोकळ्या माळावर सगळेच दूर असते आणि जंगलात सगळेच जवळ असते, ही समजूतही पूर्ण खरी नाही.

आणखी एक गोष्ट दूरच्या फोटोंविषयी. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की हवेच्या लाटा उठू लागतात. डोळ्यांना त्या फारशा जाणवत नाहीत, पण ६०० मिमीतून दीडशे मीटरवरचे हरीण पाण्याखाली उभे असल्यासारखे थरथरते. पहिल्या प्रवासात मला वाटले की लेन्सच बिघडली आहे. मी तीनशे फोटो वाया घालवले आणि दर वेळी फोकसला दोष देत राहिले. त्यावर कोणतीही लेन्स, कितीही महागडी असली तरी, उपाय नाही. ऊन चढायच्या आत दूरचे फोटो उरकावेत आणि नंतर जवळच्या प्राण्यांकडे वळावे, एवढेच आपल्या हाती असते.

पाणकोंबडी :
तिसऱ्या पर्यायाविषयी, म्हणजे ७०-२०० अधिक दुपटीच्या टेलिकन्व्हर्टरविषयी, कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते, कारण मी नेमके तेच दोन वर्षे वापरले आहे.

दुपटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे एफ/२.८ ची ७०-२०० ही एफ/५.६ ची १४०-४०० होते. कागदावर ती १००-४०० झूमच्या बरोबरीची दिसते. प्रत्यक्षात कडांची धार थोडी बोथट होते, आणि उजेड कमी असताना फोकस शोधत पुढेमागे जाण्याचे प्रमाण वाढते. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मला ती जोडी अजिबात समाधानकारक वाटली नाही, शांत बसलेल्या प्राण्यांसाठी चालून गेली. १.४ पटीचा कन्व्हर्टर एकच स्टॉप खातो आणि चित्राचे नुकसानही बरेच कमी करतो, पण मग पोहोच २८० मिमीवरच थांबते.

तिचा खरा फायदा असा की पहाटे कन्व्हर्टर काढून ठेवला की हातात एफ/२.८ उरते. आणि खरा तोटा असा की तो काढण्या-घालण्यासाठी प्रत्येक वेळी उघड्या जीपमध्ये कॅमेरा उघडावा लागतो. माझ्या सेन्सरवर त्या दोन वर्षांत जी धूळ साठली, तिच्यात एखादे रोप सहज रुजले असते.

कातरवेळ :
पाणकोंबडी यांनी धुळीचा विषय काढला ते फार बरे झाले, कारण लेन्स निवडण्याच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी शेवटी येतो आणि प्रवासात तो पहिल्या तासाला येतो. समोरून दुसरी गाडी गेली की पुढचे दोन मिनिटे हवेत पिठासारखी बारीक धूळ तरंगत असते. अशा वेळी लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरला धुळीने अंघोळ घालणे होय. म्हणून माझा नियम असा आहे की जीपमध्ये लेन्स बदलायची नाही. सोबत दोन बॉडी असाव्यात, एकीवर लांबची आणि दुसरीवर जवळची लेन्स, आणि दोन्ही मांडीवरच्या उशीच्या अभ्र्यात झाकलेल्या. दुसरी बॉडी नवीच हवी असे नाही. एखाद्या नातलगाची जुनी, धूळ खात पडलेली बॉडी मागून न्यावी. तिला धुळीची सवय असतेच.

झूम निवडताना ती आतल्या आत झूम होते की लांबत बाहेर येते, हेही पाहावे. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची झेड १८०-६०० या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यामुळे तोलही ढळत नाही. बाहेर येणाऱ्या लेन्स बॅगेत कमी जागा घेतात, पण त्यांची नळी बाहेर आली की तिच्यावर धूळ बसते आणि आत घेताना त्यातली थोडी सोबत जाते. नळी आत घेण्याआधी मऊ ब्रशने पुसण्याची सवय लावली तर हा त्रास बराच कमी होतो.

आधारासाठी तिपाई नेऊ नये, जीपमध्ये तिला पाय ठेवायला जागा नसते. रिकामी बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर तांदूळ किंवा वाटाणे भरून घ्यावेत. आणि गाडीचे इंजिन बंद करायला सांगण्यास संकोच करू नये. चालू इंजिनाची थरथर बीनबॅगमधूनही लेन्सपर्यंत पोहोचते.

रानवाटा :
सर्वांचे मनापासून आभार. एका दिवसात मला माझ्या प्रश्नाची तीन उत्तरे आणि सहा नवे प्रश्न मिळाले आहेत. दोन शंका लगेच विचारतो. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर कमी शटर स्पीडवर काम भागणार नाही का? तसे झाले, तर एफ/६.३ चा तोटा आपोआप भरून निघेल. आणि दुसरे, १५०-६०० या लेन्स दोन किलोच्या आसपास असतात असे वाचले. दिवसाचे सहा तास ते वजन पेलता येते का?

जुनी_रीळ :
स्थिरीकरण तुमचा हात थांबवते, प्राण्याची मान थांबवत नाही. झोपलेल्या सिंहाचा फोटो तुम्ही १/६० ला काढू शकाल. पण तोच सिंह जांभई देऊ लागला की किमान १/५०० हवे, हरिणाने उडी घेतली की १/२०००. तेव्हा भरपाई होते, पण फक्त आळशी प्राण्यांच्या बाबतीत.

वजनकाटा :
दुसऱ्या शंकेचे उत्तर माझ्या टोपणनावाला शोभेल असे देतो. ६०० मिमी एफ/४ च्या आजच्या लेन्स तीन किलोच्या थोड्या वर आहेत. सोनीची २००-६०० सुमारे २.१ किलो भरते. १००-४०० वर्गातल्या बऱ्याच लेन्स एक ते दीड किलोच्या दरम्यान आहेत, आणि कॅननची आरएफ १००-४०० तर ६३५ ग्रॅमची आहे. अर्थात ती लांबच्या टोकाला एफ/८ पर्यंत मिटते, म्हणजे हलकेपणाची किंमत उजेडात मोजावी लागते.

दोन किलो पेलता येते का, हा प्रश्न मात्र थोडा चुकीचा आहे. वजन बीनबॅगवर टेकवले की सहा तास काय, दहा तासही जातात. अडचण येते ती पक्षी अचानक उजवीकडून उडाला, आणि लेन्स झटकन उचलून वळवायची वेळ आली तेव्हा. तिथे दीड किलो आणि दोन किलो यांत अर्ध्या किलोचा नव्हे, एका फोटोचा फरक पडतो.

प्रवासात छोटे विमान असेल तर सामानाची मर्यादा आधीच विचारून घ्यावी. आफ्रिकेतल्या अनेक लहान विमानांत एका माणसाला हातातल्या बॅगेसह १५ किलोच नेता येतात, आणि बॅगही मऊ असावी लागते. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच ठेवाव्यात, सोडून दिलेल्या सामानात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत.

पाऊलखुणा :
आतापर्यंत सगळ्यांनी लांब लेन्सकडे "प्राणी जवळ आणण्याचे साधन" म्हणून पाहिले. माझ्या दृष्टीने तिचा मोठा उपयोग वेगळाच आहे, आणि तो कोन सुधारण्याचा आहे.

उघड्या जीपच्या मागच्या सीटवर बसले की आपले डोळे जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर येतात. वाघाचे डोळे एक मीटरच्या आसपास असतात. तो सहा मीटरवर असेल तर आपण जवळजवळ १४ अंश खाली पाहत असतो, आणि फोटोत त्याची पाठ, डोके आणि मागे सपाट माती दिसते. तोच वाघ ४० मीटरवर असेल तर हा कोन दोन अंशांवर येतो. मग त्याचे डोळे आपल्या डोळ्यांच्या पातळीत येतात, मागची झाडी दूर जाऊन विरघळते, आणि फोटो जमिनीवर बसून काढल्यासारखा वाटतो. म्हणून प्राणी जवळ आला की हुरळून जाणाऱ्यांनी एकदा आपले जुने फोटो काढून पाहावेत. माझ्या बाबतीत तरी सर्वांत जवळून काढलेले फोटो सर्वांत चांगले निघाले नाहीत. तेव्हा प्राणी दूर असताना ड्रायव्हरला "आणखी पुढे घ्या, आणखी पुढे घ्या" असे म्हणत राहण्यापेक्षा आहे तिथेच थांबून लांब लेन्सने काम करावे. प्राणीही निवांत राहतो.

अनवाणी :
पाऊलखुणा, हा मुद्दा मला आधी कळला असता तर मी सहा मीटरवरच्या त्या वाघिणीबद्दल इतकी वर्षे हळहळलो नसतो. आता निदान म्हणता तरी येईल की कोन चुकीचा होता.

जुनी_रीळ :
पाऊलखुणा यांच्याशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. लांब लेन्सच्या नादात सगळे फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखे होतात. डोके, मान आणि मागे हिरवा धूर. तो प्राणी कुठे राहतो, त्याच्या भोवती केवढे गवत आहे, त्या गवतापुढे हत्तीसुद्धा किती लहान दिसतो, हे काहीच कळत नाही. रानवाटा, तुमची १८-१३५ घरी ठेवू नका. प्राणी छोटा दिसेल असे फोटो मुद्दाम काढा. सफारीहून परतल्यावर आठवण त्याच फोटोंतून जागी होते.

भिंगरी :
थोडे अवांतर. 'सफारी' हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' असा आहे, आणि तो अरबी 'सफर'वरून आला. आपली सफर त्याचीच बहीण. तेव्हा कोणी म्हणाले की सफारीत काहीच दिसले नाही, तर मूळ अर्थाने त्याची सफारी पूर्ण झालेली असते.

आता अवांतर नसलेले. कोणीही दुर्बिणीचे नाव काढलेले नाही. आठ पटीची, ४२ मिमी भिंगांची साधी दुर्बीण गळ्यात असावी. गाडीत दहा मोठ्या लेन्स असतात आणि बिबट्या नेमका दुर्बीण असलेल्या काकूंनाच दिसतो, हे मी दोनदा पाहिले आहे. दुसऱ्या वेळी ती काकू मीच होते.

गवतफुला :
दुर्बिणीला माझेही अनुमोदन. लेन्समधून प्राणी शोधत बसणे म्हणजे कुलपाच्या भोकातून मैदान शोधणे आहे.

रानवाटा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. क्रॉप सेन्सर, चार दिवस जंगल आणि तीन दिवस माळरान, हे सगळे धरून मी १००-४०० सुचवीन. दोन्ही भाग मोकळ्या माळावरचे असते तर १५०-६०० म्हणाले असते. तुमच्या सेन्सरवर १५० मिमीला सहा मीटरवर एक मीटरसुद्धा रुंदी मिळत नाही, आणि दाट जंगलात ती अडचण तुम्हाला रोज येईल.

तिसरा_डोळा :
@गवतफुला यांच्याशी सहमत. आणि घेण्याआधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणून पाहावी. कावळे, कुत्री आणि खारी हे सरावासाठी उत्तम प्राणी आहेत, कारण तेही ऐकत नाहीत.

रानवाटा :
तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही लेन्स आळीपाळीने दोन शनिवार-रविवारी भाड्याने आणल्या. खारीवर केलेल्या प्रयोगातून एक गोष्ट कळली, जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. मोठ्या झूमचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला मला मनगट दोनदा वळवावे लागत होते, आणि तेवढ्यात खार झाडाच्या मागे जात होती. १००-४०० चे कडे एकाच हिसक्यात फिरत होते. तेव्हा १००-४०० घेतली आहे. मेव्हण्याची जुनी बॉडी मागितली आहे, तिच्यावर १८-१३५ लावून नेईन. दुर्बीण आईची आहे. परत आल्यावर वृत्तांत देतो.

रानवाटा :
परत आलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत देतो.

घरी आल्यावर निवडून ठेवलेले सगळे फोटो संगणकावर फोकल लेंग्थनुसार लावून पाहिले. मधल्या आकड्यांवर, म्हणजे २०० ते ३५० च्या दरम्यान, फारच थोडे होते. एक मोठा ढीग अगदी ४०० वर, आणि दुसरा १०० ते १६० च्या आसपास. म्हणजे मी एकतर लेन्स पूर्ण ताणलेली होती किंवा पूर्ण मिटलेली. जुनी_रीळ यांचे ऐकून १८-१३५ ने काढलेले फोटो मोजकेच आहेत, पण घरच्यांनी थांबून पाहिलेले बहुतेक तेच. जंगलातल्या पहाटेने एफ/६.३ ला दोन वेळा हरवले. एकदा अस्वल होते आणि एकदा नेमके काय होते ते आयएसओ १२८०० च्या दाण्यांतून अजूनही ओळखता आलेले नाही. ७०-२०० ची आठवण तेव्हा झाली, हे पाणकोंबडी यांना सांगायला हवे.

माळरानावर पाचव्या दिवशी ६०० वाल्या मित्राचीही आठवण झाली. बाभळीच्या आडव्या फांदीवर बिबट्या होता, किमान तीनशे मीटरवर, आणि वाट त्याहून जवळ जात नव्हती. दुर्बिणीतून त्याची लोंबणारी शेपटी आणि फांदीच्या बेचक्यात अडकवलेले हरणाचे पाय स्पष्ट दिसत होते. आम्ही अर्धा तास आळीपाळीने दुर्बीण फिरवत बसलो. ४०० ने फोटोही काढला. मित्राला दाखवला, तर तो म्हणाला की यात बिबट्या कुठे आहे ते आधी बोट ठेवून दाखव.

भिंगरी :
म्हणजे मित्राचे भाकीत खरे ठरले. ठिपके घेऊन आलातच, फक्त ते एका ठिपक्याच्या अंगावर आहेत. फोटो टाका, आम्हीही बोट ठेवून शोधतो.